गोष्टीचं बी शोधताना

सहा वर्षांच्या मुलीचा पुढचा दात पडतो. आजी म्हणते, "कौलावर टाकून ये, म्हणजे उंदीरमामा नवा दात देईल." मुलगी दात मुठीत धरून गॅलरीत जाते आणि इकडेतिकडे बघते. सातव्या मजल्यावरून दिसतात त्या सगळ्या सिमेंटच्या गच्च्या. कुठे पाण्याच्या काळ्या टाक्या, कुठे सोलरच्या तिरक्या पाट्या, कुठे वाळत घातलेल्या चादरी. कौल एकही नाही. आता दात टाकायचा कुठे?

मुलांसाठी लिहू पाहणाऱ्यांशी बोलताना मी पुष्कळदा हा प्रसंग सांगते आणि इथेच थांबते. समोरून कुणीतरी विचारतंच, "मग?" ते 'मग?' ऐकू आलं की समजावं, गोष्टीचं बी सापडलं.

'आम्हाला लिहायचंय, पण विषय सुचत नाही,' अशी तक्रार नव्याने लिहिणारे नेहमी करतात. खरं म्हणजे विषय सगळ्यांकडे असतात. प्रामाणिकपणा, पर्यावरण, वाचनाचं महत्त्व, मोबाइलचं वेड, आजीआजोबांचं प्रेम, अशी यादी कुणीही पाच मिनिटांत करील. या यादीवरून निबंध होतो, भाषण होतं, गोष्ट मात्र होत नाही. सकाळी उठल्यावर कोणतंही मूल प्रामाणिकपणाची काळजी करत नाही. त्याच्या काळज्या वेगळ्या असतात. शेजारच्या बाकावरच्या मैत्रिणीचं वासाचं खोडरबर चुकून आपल्या कंपासपेटीत आलं. पहिल्या दिवशी द्यायचं राहिलं. दुसऱ्या दिवशी ती रडत शोधत होती, तेव्हा तोंड उघडलं नाही. आज तिसरा दिवस. आता परत द्यावं तर ती 'चोर' म्हणेल, न द्यावं तर पोटात गोळा येतोय. प्रामाणिकपणाची गोष्ट या खोडरबरात आहे. खोडरबर नीट धरलंत, तर प्रामाणिकपणा त्याच्यामागून आपला आपण येतो. प्रामाणिकपणा पुढे काढलात, तर खोडरबर हरवतं आणि त्याच्याबरोबर वाचणारं मूलही.

म्हणून विषयाच्या मागे लागू नका. मुलाला काहीतरी हवं आहे आणि मध्ये काहीतरी अडलं आहे, अशी जागा शोधा. ती कुठे कुठे सापडते, ते आता क्रमाने पाहू.

कान मुलांकडे, वही हाताशी

कोर्नेई चुकोवस्की हे रशियन कवी आणि बालसाहित्यकार. लहान मुलांचं बोलणं त्यांनी वर्षानुवर्षं टिपून ठेवलं आणि त्यातून 'दोन ते पाच' या अर्थाच्या नावाचं पुस्तक तयार झालं. मुलं बोलताना चुकतात असं आपण म्हणतो. चुकोवस्कींना त्या चुकांमागे भाषेचे नियम शोधणारी बुद्धी दिसली. आपल्या घरातही हे रोज घडतं. 'धर'चं 'धरलं' होतं, 'मार'चं 'मारलं' होतं, मग तीन वर्षांचं मूल 'कर'चं 'करलं' म्हणतं. त्याचं गणित बरोबर आहे, आडवळण भाषेचं आहे.

शब्दांसारखेच मुलांचे प्रश्नही. दिवा लावला की अंधार कुठे जाऊन बसतो? एसटी इतकी जोरात पळतेय, तरी चंद्र मागे कसा पडत नाही? आजोबांचे केस पांढरे झाले, मग त्यांतला काळा रंग कुठे गेला? 'काल' संपला म्हणजे तो कुठे साठतो? आपण घाईत उत्तर देऊन टाकतो. लिहिणाऱ्याने मात्र उत्तर देण्याआधी प्रश्न वहीत उतरवावा. काळा रंग कुठे गेला हे शोधायला निघालेल्या नातीची गोष्ट त्या एका ओळीत झोपलेली असते.

टिपताना तीन पथ्यं पाळा. मुलाचे शब्द जसेच्या तसे लिहा, व्याकरण सुधारू नका. त्याचं वय लिहा, कारण चार वर्षांचा प्रश्न आणि आठ वर्षांचा प्रश्न यांची जात वेगळी असते. त्या वेळी मूल काय करत होतं, तेही लिहा. 'ढग कशाचे असतात?' हा प्रश्न पुस्तक बघताना विचारलेला वेगळा आणि तापात पडल्या पडल्या खिडकीतून बघत विचारलेला वेगळा.

घरात लहान मूल नसेल तरी अडत नाही. शाळेची रिक्षा, एसटी स्टँड, लग्नाचा हॉल, सोसायटीचं पार्किंग, दवाखान्यातली बाकं, गावातल्या पारावरचा खेळ, या सगळ्या ठिकाणी मुलं मोठ्यांचं लक्ष नाही असं समजून बोलत असतात. फक्त एक जबाबदारी विसरू नका. मुलाने विश्वासाने सांगितलेलं गुपित ही आपली मालमत्ता नव्हे. त्यातली भावना घ्या. नाव, गाव, प्रसंग पार बदला. ओळखीच्या मुलाला ते पुस्तक वाचून शरमल्यासारखं व्हायला नको.

आपल्या लहानपणातलं न कळलेलं

दुसरी खाण आपल्या आतच आहे, पण तिथे खणायची पद्धत बदलावी लागते. बहुतेक जण लहानपण आठवताना 'मी त्यातून काय शिकलो' असं विचारतात आणि गोष्ट भाषणाकडे वळते. त्याऐवजी स्वतःला विचारा, 'तेव्हा मला काय कळलं नव्हतं?' पाहुणे आले की आई वेगळ्या आवाजात का बोलायची? काका आल्यावर सगळे गप्प का व्हायचे? शेजारच्या घरी जेवायला जायचं नाही, असं का सांगितलं होतं? ज्याचं उत्तर तेव्हा मिळालं नाही, ते आठवणीत तीस-चाळीस वर्षं ताजं राहतं.

साने गुरुजींनी 'श्यामची आई' १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं. हे पुस्तक संस्कारांचं म्हणून ओळखलं जातं, पण ते लक्षात राहतं त्यातल्या बारीकसारीक गोष्टींमुळे. आंघोळ झाल्यावर ओल्या तळव्यांना माती लागू नये म्हणून हटून बसलेला श्याम आठवा. पोहायला शिकायच्या भीतीने लपून बसलेला श्याम आठवा. पायाला माती लागण्याचं दुःख मोठ्या माणसाला क्षुल्लक वाटतं, मुलाला मुळीच वाटत नाही. गुरुजींनी ते मुलाच्या मापानेच मोजलं. आईचं सांगणं त्याच्या मागून आलं, म्हणून ते आजही आत उतरतं.

यासाठी एक साधा सराव आहे. मोठ्या कागदावर तुमच्या लहानपणच्या घराचा नकाशा काढा. चित्र चांगलं यायची गरज नाही. मग त्यावर खुणा करा. लपायची जागा कोणती, एकटं जायला भीती वाटे ती जागा कोणती, मार कुठे खाल्ला, खाऊ कुठे ठेवलेला असे, कोणत्या कोपऱ्याला कसला वास होता. माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेचा, बंबातल्या धुराचा, पावसाळ्यात न वाळलेल्या गणवेशाचा वास आठवला की त्याला धरून माणसं आणि प्रसंग येऊ लागतात. एका नकाशातून पाच-सहा बिया सहज निघतात.

एक सावधगिरी मात्र हवी. 'आमच्या वेळी किती मजा होती' हा सूर लागला की वाचणारं मूल बाहेर पडतं, कारण त्या मजेत त्याला जागा नसते. भावना आजच्या मुलापर्यंत पोचते, वस्तू पोचेलच असं नाही. बंब लिहिलात तर तो दिसू द्या, ऐकू येऊ द्या. नाहीतर तीच भीती, तीच लपाछपी आजच्या घरात आणून बघा.

लहान अडचणी, मोठ्या गोष्टी

माधुरी पुरंदरे यांची मुलांसाठीची पुस्तकं जवळ ठेवून पुन्हा पुन्हा वाचावीत, असं मी प्रत्येक नव्या लेखकाला सांगते. 'मोठी शाळा', 'हात मोडला', 'मामाच्या गावाला' ही त्यांची नावं बघा. राक्षस नाही, जादू नाही. बालवाडीतून मोठ्या शाळेत जाणं किंवा हात प्लॅस्टरमध्ये असणं, एवढंच. पण ज्या मुलावर हे गुदरतं, त्याच्यासाठी त्या आठवड्यात जगात दुसरं काही घडतच नसतं.

अशा अडचणींची तुम्हीही यादी करा. दादाचे जुने कपडे घालावे लागणं. वर्गाच्या फोटोत मागच्या रांगेत उभं केल्यामुळे चेहराच न दिसणं. वाढदिवस मे महिन्यात येत असल्याने वर्गात कधीच गोळ्या वाटायला न मिळणं. सगळ्यांना सायकल येते आणि आपल्याला येत नाही. घरी बोलतो ती बोली वर्गात बोललो की मुलं हसतात. आईबाबा भांडले आणि आता कुणाशी आधी बोलावं हे कळत नाही.

ही यादी करताना नजर आपल्या घरापुरती ठेवू नका. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघालेल्या कुटुंबांबरोबर हजारो मुलं गाव सोडतात, हंगामभर कारखान्याच्या परिसरात कोपीत राहतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परत येतात. अशा मुलीने गावातल्या शाळेत कुंडीत लावलेलं वांग्याचं रोप जाताना कुणाच्या हवाली करावं? किनाऱ्यावरच्या कोळीवाड्यातला मुलगा, ज्याला बोट लागते आणि ते कुणाला सांगायची चोरी आहे. न्यू जर्सीत राहणारी नात, जिची सकाळ होते तेव्हा सांगलीच्या आजीची संध्याकाळ होत आलेली असते. दोघींना एकच गोष्ट निम्मी निम्मी कशी वाचता येईल? आपल्या पुस्तकांत अजून न आलेली मुलं फार आहेत. पण त्यांच्याविषयी लिहायचं तर आधी त्यांच्यात बसावं, ऐकावं, त्यांच्या माणसांकडून खुणा तपासून घ्याव्यात. दुरून कीव करून लिहिलेली गोष्ट त्या मुलाला दुखावते आणि बाकीच्यांना खोटं शिकवते.

ठिकाणाचंही असंच आहे. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे कुठल्यातरी काल्पनिक नगरीतून आला नाही, तो पुण्याजवळच्या फुरसुंगीचा. गाव खरं, सायकल खरी, म्हणून त्याची धाडसंही खरी वाटली. तुमच्या गावची नदी, आठवडी बाजार, बंद पडलेली गिरणी, नवा उड्डाणपूल यांची नावं धीटपणे लिहा.

भाषेतच दडलेल्या गोष्टी

मराठीत लिहिणाऱ्याला एक मोठं देणं फुकट मिळालेलं आहे, ते म्हणजे आपले वाक्प्रचार आणि आपले नादशब्द. आपण ते इतके वापरतो की त्यांतलं चित्र दिसेनासं होतं. मुलाला ते पहिल्यांदाच ऐकू येत असतं, त्यामुळे दिसतं.

बाबांचा फोन येतो, 'पोचलो' म्हणून. आजी म्हणते, "जीव भांड्यात पडला बाई!" चार वर्षांचा नातू गुपचूप स्वयंपाकघरात जातो. कोणत्या भांड्यात पडला? पातेल्यात बघतो, डब्यांची झाकणं उघडतो, शेवटी कुकरपाशी जातो आणि कुकरची शिट्टी होते! इथून पुढे गोष्ट तुम्हाला ओढत नेईल. नाकावर राग असणारे काका, पोटात ओरडणारे कावळे, कानाला लावलेला खडा, हातावर दिलेली तुरी, प्रत्येकातून एकेक गोष्ट निघू शकते.

नादशब्दांकडेही असंच बघा. चुळबुळ, लुडबुड, भुणभुण, सळसळ, डुगडुग, लुकलुक. 'चुळबुळ' हे एखाद्या प्राण्याचं नाव असतं तर तो केवढा असता, कुठे राहिला असता, वर्गात बरोबर कोणत्या तासाला येऊन बाकाखाली बसला असता? विंदा करंदीकरांनी 'राणीची बाग' आणि 'एकदा काय झाले' ही पुस्तकं १९६१ साली दिली. इतक्या वर्षांनीही त्यांच्या बालकविता मुलांच्या तोंडी आहेत, कारण त्यांत नाद आणि कल्पना एकमेकांपासून सुट्या करता येत नाहीत. कवितेचं बी पुष्कळदा अर्थाआधी आवाजात सापडतं. म्हणून सुचलेली ओळ लिहिण्याआधी मोठ्याने म्हणा, टाळीवर म्हणा, चालता चालता म्हणा.

'असं झालं तर?'

काही वेळा आजूबाजूला काहीच हाती लागत नाही. तेव्हा जान्नी रोदारी या इटालियन लेखकाची एक युक्ती कामी येते. शिक्षकांबरोबर घेतलेल्या कार्यशाळांतून त्यांचं 'कल्पनेचं व्याकरण' या अर्थाच्या नावाचं पुस्तक १९७३ साली आलं. त्यांचं म्हणणं असं की, एकटा शब्द निजलेला असतो. त्याच्याशेजारी अगदी अनोळखी दुसरा शब्द आणून बसवला की दोघेही जागे होतात. त्यांचं उदाहरण कुत्रा आणि कपाट या जोडीचं आहे.

मराठीत हा खेळ फार सुरेख जमतो, कारण आपले विभक्तीचे प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं आयती नाती जोडून देतात. कुत्र्याचं कपाट, कपाटातला कुत्रा, कपाटावर बसलेला कुत्रा, कुत्र्यासाठी कपाट. प्रत्यय बदलला की गोष्ट बदलते. घरी तीस-चाळीस चिठ्ठ्यांवर साधी नामं लिहा आणि एका डब्यात टाका: कुलूप, ढग, टँकर, चष्मा, मांजर, जिना, लोणचं, बुलडोझर. रोज दोन चिठ्ठ्या काढा. समजा कुलूप आणि ढग आले. ढगाचं कुलूप, कुलपातला ढग, ढगाला लावलेलं कुलूप. मराठवाड्यातल्या एखाद्या गावात टँकरच्या रांगेत उभ्या असलेल्या मुलाला मातीत एक किल्ली सापडते आणि ती कशाचीच नाही. गावातल्या सगळ्या कुलपांना ती लावून होते. आता उरलंय कुठलं कुलूप?

असल्या गोष्टीत एक शिस्त हवी. अशक्य गोष्ट एकच असू द्या, बाकीचं सगळं काटेकोर खरं ठेवा. ढगाला कुलूप असू शकतं हे मुलं आनंदाने मान्य करतील. पण किल्ली गंजलेली असून पहिल्याच फटक्यात फिरली, तर ती लगेच हरकत घेतील. कल्पनेतला तर्क मुलं आपल्यापेक्षा कडक तपासतात.

निसर्ग आणि जुन्या कथा

बोलणारं झाड आणि रडणारी नदी यांनी मुलांची पुस्तकं भरून गेली आहेत. त्यापेक्षा निसर्गात खरोखर काय चालतं ते बघा, ते जास्त नवलाचं असतं. सुगरण पक्ष्याचा नर घरटं निम्मं विणतो आणि मादीला दाखवतो. तिला पसंत पडलं तर पुरं करतो, नाहीतर बहुधा नवं विणायला घेतो. समुद्रकाठचा शंखात राहणारा खेकडा वाढला की जुना शंख त्याला अपुरा पडतो. मग तो मोठ्या रिकाम्या शंखाच्या शोधात निघतो, आणि त्याने सोडलेल्या शंखात त्याच्याहून लहान खेकडा शिरतो. भाड्याचं घर बदलावं लागलेल्या मुलाला या खेकड्याशी किती बोलता येईल! मराठीतला साहित्य अकादमीचा पहिला बालसाहित्य पुरस्कार २०१० साली अनिल अवचटांच्या 'सृष्टीत... गोष्टीत' या पुस्तकाला मिळाला. सृष्टी आणि गोष्ट यांचं नातं नावातच सांगणारं ते पुस्तक आहे.

जुन्या लोककथांकडे जाताना नुसतं नव्या शब्दांत तेच सांगू नका. कथेतल्या गप्प माणसाला बोलतं करा. काऊ पावसात दाराशी उभा आहे, चिऊ बाळाचं आवरते आहे आणि दार उघडत नाही. आतल्या बाळाला काय वाटत असेल? भोपळ्यात बसून निघालेल्या म्हातारीची लेक तिला निरोप देताना मनात काय म्हणाली असेल? कथा आपली, प्रश्न आजचा, अशी जोडी जमली की जुनं बी नव्या मातीत रुजतं.

बी खरं की पोकळ?

शेतकरी पेरण्याआधी बी पाण्यात टाकून बघतो. पोकळ वर तरंगतं. सुचलेल्या कल्पनेलाही चार प्रश्न विचारून बघा.

एक, कुणाला काय हवं आहे? उत्तर एका वाक्यात, साध्या शब्दांत देता आलं पाहिजे.
दोन, अडलंय कुठे?
तीन, मूल स्वतः काय करतं? शेवटी बाबा, बाई किंवा देवबाप्पा येऊन सगळं सोडवत असतील, तर गोष्ट मुलाच्या हातून काढून घेतली गेली.
चार, तात्पर्याची ओळ खोडली तर काय उरतं? काहीच उरत नसेल, तर ते बी पोकळ आहे.

दाताच्या गोष्टीला हे लावून बघू. मुलीला नवा दात हवा आहे. त्यासाठी कौल हवं, ते नाही. बाबांनी मोबाइलवरून कौल मागवलं तर गोष्ट तिथेच मेली. म्हणून ती स्वतः शोधायला निघते. वॉचमनकाकांच्या केबिनवर पत्रा आहे. इस्त्रीवाल्यांच्या टपरीवर निळं प्लॅस्टिक आहे. कबुतरांची जागा एसीच्या डब्यावर. शेवटी वाटेत एक जुना वाडा पाडायचं काम चाललेलं दिसतं आणि बाहेर मंगलोरी कौलांची चवड रचलेली असते. ती धीर करून एक कौल मागते, घरी आणते, गॅलरीतल्या तुळशीच्या कुंडीवर तिरकं टेकवते आणि त्यावर दात ठेवते. दुसऱ्या दिवशी बेल वाजते. दारात खालच्या मजल्यावरचा मुलगा, मूठ आवळून उभा. त्याचाही दात पडलाय. गोष्ट संपली. रूढी, शहर, आजी, वाडे पडणं, शेजारधर्म, सगळं त्यात आलं, आणि एकाही वाक्यात शिकवावं लागलं नाही.

एकच बी, तीन वयं

कल्पना सुचली की ती कोणत्या वयाची आहे ते ठरवा. तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी दाताची हीच गोष्ट चित्रांची होईल, शब्द थोडे, आणि प्रत्येक ठिकाणी मुलगी तोच प्रश्न त्याच शब्दांत विचारील, "इथे कौल आहे का?" पुनरुक्तीने या वयाला कंटाळा येत नाही, आधार मिळतो.

सात ते दहा वर्षांसाठी तिला दोन मित्र द्या आणि शोधमोहीम करा. प्रत्येक मोठा माणूस आपापल्या गावची रीत सांगतो. कुणी म्हणतं कौलावर, कुणी म्हणतं तुळशीत पुरा, कुणी म्हणतं उंदराच्या बिळात टाका. खरं कुणाचं? मुलं यादी करतात, भांडतात, पुरावे मागतात.

अकरा ते चौदा वर्षांसाठी गोष्ट तिच्या मोठ्या भावाच्या नजरेतून सांगता येईल. त्याचा उंदीरमामावरचा विश्वास केव्हाच गेला आहे, पण बहिणीचा मोडवत नाही. आणि पाडला जाणारा वाडा आजीच्याच लहानपणचा आहे, हे फक्त त्याला कळलं आहे. बी तेच, पण आता त्यात काळ शिरला.

आधी सांगा, मग लिहा

मुलांच्या कितीतरी प्रसिद्ध गोष्टी कागदावर येण्याआधी कुणा एका मुलासाठी सांगितलेल्या होत्या. लुईस कॅरल यांनी ४ जुलै १८६२ रोजी ऑक्सफर्डजवळ नावेतून जाताना तीन बहिणींना सांगितलेली गोष्ट पुढे १८६५ साली 'ॲलिस'चं पुस्तक झाली. बिअट्रिक्स पॉटर यांचा पीटर ससा १८९३ साली एका आजारी मुलाला लिहिलेल्या पत्रातून जन्मला. ॲस्ट्रिड लिंडग्रेन यांच्या आजारी लेकीने १९४१ साली मनाला येईल ते नाव घेऊन 'पिपी लाँगस्टॉकिंगची गोष्ट सांग' म्हटलं आणि आईला ती रचावी लागली. पुस्तक १९४५ साली आलं. आपल्याकडे दिलीप प्रभावळकरांचा बोक्या सातबंडेही आधी आकाशवाणीवरून मुलांच्या कानांवर पडला, मग पुस्तकात आला.

तुम्हीही 'बालवाचक' नावाच्या गर्दीसाठी लिहू नका. एका मुलाला डोळ्यांसमोर आणा आणि त्याला सांगा. सांगताना 'आवडली का?' असं विचारू नका, मुलं भिडेखातर हो म्हणतात. त्याऐवजी बघत राहा. ते खिडकीबाहेर कधी बघू लागलं? पाय हलवायचं कधी थांबलं? मध्येच काय विचारलं? जिथे त्याची चुळबुळ सुरू झाली, तिथे तुम्ही बहुधा मोठ्यांसाठी बोलू लागला होतात. दुसऱ्या दिवशी त्यालाच ती गोष्ट सांगायला लावा. ते जे विसरेल ते खोडा, जे वाढवील ते विचारात घ्या.

सात दिवसांचा सराव

सुरुवात करायला फार तयारी लागत नाही. पहिल्या दिवशी मुलांची पाच वाक्यं टिपा. दुसऱ्या दिवशी लहानपणच्या घराचा नकाशा काढा. तिसऱ्या दिवशी दहा लहान अडचणींची यादी करा. चौथ्या दिवशी एक वाक्प्रचार शब्दशः खरा मानून पान भरा. पाचव्या दिवशी दोन चिठ्ठ्या काढा. सहाव्या दिवशी अर्धा तास जमिनीवर बसून घर बघा. टेबलाची खालची बाजू, मोठ्यांचे गुडघे, न पोचणारं दिव्याचं बटण, हे जग तुम्ही विसरला आहात. सातव्या दिवशी आठवड्यातलं एकच बी निवडून कुणाला तरी गोष्ट सांगा.

याच्या जोडीला वाचन चालू ठेवा. बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ सालापासून निघतं आहे. त्याचे जुने अंक मिळतील तिथून मिळवून वाचा. मुलांसाठीचे दिवाळी अंक वाचा. काय लिहून झालं आहे हे कळलं की काय लिहायचं राहिलं आहे, तेही दिसू लागतं.

आज मराठी मुलांच्या हाती इंग्रजी पुस्तकांचे ढीग आहेत, आणि ती पुस्तकं चांगली आहेत म्हणून मुलं ती वाचतात. त्यांना आपल्या भाषेत राहायला आपण उपदेशाने सांगू शकणार नाही. त्यांचा स्वतःचा पडलेला दात, त्यांची गॅलरी, त्यांची आजी त्यांना मराठी पानावर भेटली, तर मुलं आपण होऊन तिथे थांबतील. तेव्हा आज संध्याकाळी एक कोरी वही घ्या, जवळच्या एखाद्या मुलाशेजारी जाऊन बसा, आणि ते काय म्हणतंय ते नुसतं ऐका. पहिली ओळ तेच सांगेल.